पाय उचलला खरा, पण कुणी?

गेल्या अंकात शेवटी मी सहज लिहिलं होतं, की घरी पायांचे व्यायाम करताना काही अडलं तर कळवा. तो 'सहज' आता अंगाशी आलाय. टेबलावर पत्रांचा ढीग आहे आणि निम्म्या पत्रांत एकच तक्रार : 'व्यायाम रोज करतो, फरक काही नाही.' त्यातली काही पत्रं इथं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, वय आणि दुखणं तेवढं ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगते. पत्रावरून गुडघा तपासता येत नाही. तुमच्या सर्जननं एखादी हालचाल बंद ठेवायला सांगितली असेल तर त्यांचं आधी ऐका, माझं नंतर.

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा जास्त दुखतो. दोन महिन्यांपूर्वी व्यायामाचा एक छापील कागद मिळाला. त्यातला पाय सरळ ठेवून वर उचलायचा व्यायाम मी सकाळी ५० वेळा आणि संध्याकाळी ५० वेळा न चुकता करते, वहीत टिपून ठेवते. गुडघा होता तिथंच आहे आणि आता कंबर धरू लागली आहे. चुकतंय कुठं? कागद सोबत जोडला आहे.

उत्तर : बाई, वही न बघताच सांगते, त्यात एकही दिवस कोरा नसणार. कागद मात्र नीट पाहिला. झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही झेरॉक्स. आडव्या माणसाचं डोकं शिल्लक आहे, वर उचललेला पाय शिल्लक आहे, पण दुसरा गुडघा जिथं वाकलेला दिसायला हवा तिथं नुसता राखाडी डाग. तुम्ही तो पाय सपाट आहे असं धरून चाललात. कुणीही चाललं असतं. दोन्ही पाय सपाट ठेवून एक उचलला की त्याचा ताण कंबरेवर येतो. दुसरा गुडघा वाकवून तळवा गादीवर टेकवा, कंबरेची कुरकुर बहुतेक तिथंच थांबेल.

आता गुडघ्याचं. या व्यायामात एक गंमत आहे, ती कागदावर लिहिलेली नसते. पाय वर उचलण्याचं काम मांडीच्या पुढचा स्नायू एकटा करतच नाही. ते मुख्यतः जांघेतले, खुबा वाकवणारे स्नायू करतात. मांडीच्या स्नायूचं खरं काम आहे गुडघा ताठ धरून ठेवणं. म्हणजे गुडघा किंचित वाकलेला ठेवून तुम्ही पाय झपकन वर नेलात, तरी पाय वर जातोच! बघणाऱ्याला वाटतं व्यायाम झाला. मांडी मात्र घरात पाहुणे आल्यावर गच्चीवर जाऊन बसणाऱ्या पोरासारखी कामातून निसटलेली असते. दिवसाला १०० वेळा तुम्ही जांघेला मेहनत करायला लावलीत आणि जिच्यासाठी हे सगळं करायचं ती मांडी आरामात राहिली.

ओळखायचं कसं? हात ठेवून. आज संध्याकाळी उताणं झोपा, डावा गुडघा वाकवा, उजवा पाय सरळ ठेवा. उजव्या हाताची चार बोटं गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर मांडीवर ठेवा, हात पोचत नसेल तर डोक्याखाली उशी घ्या. आता पाय न उचलता, पावलाचा पंजा स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा. दोन गोष्टी व्हायला हव्यात. बोटांखालचं मांस टणक व्हायला हवं आणि वाटी मांडीच्या दिशेनं किंचित वर सरकायला हवी. सैल सोडलं की ती परत खाली येते. हे जमेपर्यंत पाय उचलूच नका. एखादा दिवस लागेल, कदाचित तीन-चार.

ते जमलं की पुढचं. मांडी तशीच घट्ट धरून टाच उचला, दुसऱ्या वाकलेल्या गुडघ्याच्या उंचीइतकीच. त्याहून वर नेण्यात शौर्य नाही, उलट वर जावं तसं काम सोपं होतं. तिथं मनात नाही, तोंडानं पाच आकडे मोजा. मग खाली आणायला चार आकडे घ्या. पाय धप्पकन पडला तर ती खेप धरायची नाही. टाच टेकली की मांडी पूर्ण सैल सोडा, पुन्हा पहिल्यापासून घट्ट करा आणि मगच दुसरी खेप. उचलताना टाच आधी निघाली आणि गुडघा मागं लोंबकळला, तर मांडी अजून पाय पेलण्याइतकी तयार नाही असं समजा. मग गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून फक्त टाच वर नेऊन गुडघा ताठ करायचा व्यायाम आठवडाभर करा.

अशा पद्धतीनं केलंत तर ५० होणार नाहीत. आठ झाले तरी पुष्कळ. आणि ते आठच हवे आहेत. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर होते, गुडघे दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करायचे. तोवर अशा पायाला हलकं काम पुष्कळ वेळा द्यायची रीत होती. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी उलटं केलं : वजन जड, खेपा थोड्या, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या करून घ्यायचे. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी त्या तीनवर आणल्या. आज जगभरच्या फिजिओथेरपीच्या कागदांवर 'दहाच्या तीन फेऱ्या' छापलेलं असतं, त्याचं मूळ हे. आकडा सगळ्यांना पाठ झाला, त्यामागची अट तेवढी गळाली : दहावी खेप जड गेली पाहिजे.

तर बाई, आठ ते बाराच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. शेवटच्या दोन खेपांना चेहरा वाकडा व्हायला हवा. बारा सहज जमायला लागले की घोट्याला अर्धा किलो बांधा. पायमोज्यात वाळू भरून गाठ मारलीत तरी चालेल. गुडघा गादीत दाबायचा पहिला व्यायाम मात्र रोज करा, दिवसातून तीन-चारदा. तुमचा कागद परत पाठवतेय. डाग होता तिथं बॉलपेननं वाकलेला गुडघा काढलाय. चित्रकला बेताची आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न : वय ३१. नडगीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. हाड जुळलंय, पायावर पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायला सांगितलंय, पण दाबलंच जात नाही. मी हुकूम सोडतो, मांडी ढिम्म. गुडघाही थोडा सुजलेला असतो. हे मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : मनाचे नाहीत, गुडघ्याचे आहेत. गुडघ्याच्या सांध्यात पाणी साठलं की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मांडीच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कापला जातो. निरोगी गुडघ्यात मुद्दाम सलाइन भरून हे तपासलं गेलंय. मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीलगतचा स्नायू २० ते ३० मिलिलिटरलाच मंदावतो. दीड-दोन मोठे चमचे म्हणा. वेदना नसतानासुद्धा. तेव्हा 'जोर लाव, इच्छाशक्ती वापर' असं कुणी सांगत असेल तर दुर्लक्ष करा. आधी सूज उतरवायला हवी. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं ठेवा, आणि दिवसाचं चालणं काही दिवस थोडं आवरतं घ्या. तुमच्या वयाचे रुग्ण परवानगी मिळाली की पहिल्याच आठवड्यात सगळी थकबाकी फेडायला निघतात.

मांडीला जागं करायचं असेल तर दोन्ही मांड्या एकदम घट्ट करा. चांगल्या पायाच्या जोडीनं दुखावलेला पायही जरा ऐकतो. पलंगावर पाय लांब करून बसा म्हणजे मांडी डोळ्यांना दिसेल, आणि वाटीच्या वर आतल्या बाजूला बोटांनी हलकं टपटप करत राहा. आणि एक चोरी लक्षात ठेवा. टॉवेल दाबला गेला, पण मांडी मऊच राहिली, तर तुम्ही कुल्ल्यानं दाबताय. टॉवेल किती चेपला ते बघू नका, वाटी सरकली का ते बघा. सहा आकडे धरायचं, दहा वेळा, दिवसातून चारदा. दोन-तीन आठवड्यांत काहीच हलचल दिसली नाही तर फिजिओकडे जाऊन स्नायूला यंत्रानं विजेचं हलकं उद्दीपन देता येतं का ते विचारा. त्याचा अशा वेळी उपयोग होतो.

टेपनं मांडी मोजता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मोजत असणार. सगळे मोजतात. मोजाच, फक्त वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर पेनानं खूण करून, दोन्ही पायांची, स्नायू सैल असताना, आणि महिन्यातून एकदा. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मेंदू आणि नसा स्नायूला जास्त चांगलं कामाला लावतात म्हणून. मांडीचा घेर दिसण्याइतका वाढायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. रोज सकाळी टेप लावून बसलात तर निराशेशिवाय हाती काही येणार नाही.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचा सांधा बदलून तीन आठवडे झाले. पाय सरळ ठेवला की तिला ओढल्यासारखं वाटतं, म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतो. रात्रीही. चालेल ना?

उत्तर : नाही. आज रात्रीपासून काढा.

तिला बरं वाटतं हे खरं, आणि म्हणूनच ही उशी धोक्याची. गुडघा वाकलेल्या अवस्थेत तासन् तास राहिला तर मागच्या बाजूचे स्नायू आणि आवरण तसंच आखडतं. मग तो पूर्ण सरळ होत नाही. आणि सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर उभं राहायचं म्हणजे मांडीच्या स्नायूला क्षणाची सुट्टी नाही, नुसतं उभं राहिलं तरी तो राबतोय. उशीऐवजी गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि आपल्या वजनानं खाली येऊ द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ती कुरकुरेल. शेजारी बसा, गप्पा मारा.

जिन्याबद्दलही विचारलं असतंत असं धरून सांगते : चढताना चांगला पाय पुढं, उतरताना दुखरा पुढं. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ती चोळू नका आणि व्यायामही करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी ४३ वर्षांची. मोबाइलवर बघून स्क्वॉट करते. एका व्हिडिओत सांगतात, गुडघा पावलाच्या बोटांच्या पुढं गेला की गुडघा खराब होतो. दुसरा म्हणतो तसं काही नसतं. शिवाय माझ्या गुडघ्यातून कटकट आवाज येतो. करू की नको?

उत्तर : तुम्ही जिना उतरता तेव्हा गुडघा बोटांच्या पुढं जातोच. खुर्चीवरून उठतानाही जातो. त्याला तसं घडवलंय. गुडघा मुद्दाम मागं अडवून धरला तर त्याच्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो कमी झालेला भार हवेत जात नाही, खुबा आणि कंबर तो उचलतात. वाटीच्या मागं दुखत असेल त्या काळात गुडघा थोडा मागं ठेवणं ठीक, कायमचा नियम म्हणून नाही.

मी स्क्वॉट बघते तेव्हा बोटांकडे बघतच नाही, गुडघे एकमेकांकडे झुकतात का ते बघते. खाली जाताना वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवी. बहुतेकांचा गुडघा आत कोसळतो, विशेषतः वर येण्याच्या पहिल्या क्षणी. आरशासमोर, गुडघे उघडे ठेवून करा. घोळदार कपड्यांत सगळे स्क्वॉट सुंदरच दिसतात. मागं खुर्ची ठेवा, तीन आकडे मोजत तिला स्पर्श होईपर्यंत खाली जा, बसकण मारू नका, टाचा जमिनीवर ठेवून वर या. खाली जाणं ही निम्मी मजुरी आहे आणि ती बहुतेक जण गुरुत्वाकर्षणाला देऊन टाकतात.

कटकट आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर त्याला वाजू द्या. माझे दोन्ही वाजतात.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, गुडघेदुखी जुनी. व्यायाम करताना जरा दुखलं की थांबतात. आई म्हणते, दुखतंय तर करू नका. मी म्हणतो, दुखल्याशिवाय ताकद येत नाही. निकाल द्या.

उत्तर : निकाल दोघांच्याही विरुद्ध. बाबांना दुखण्याला आकडा द्यायला सांगा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधी होतं तिथं परत यायला हवं. सकाळी गुडघा जास्त सुजलेला, जास्त आखडलेला असेल तर कालचा डोस जास्त झाला. अशा वेळी व्यायाम बंद करू नका, खेपा निम्म्या करा. मांडीच्या मांसात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो ठणका येतो तो वेगळा, तो नवं काम केल्याचा. दोनेक दिवसांत जातो. सांध्याच्या आत टोचणारी, अचानक आलेली कळ मात्र कधीच 'सहन करा'मध्ये बसत नाही.

त्यांना एकच व्यायाम द्यायचा असेल तर मी खुर्चीवरून उठणं-बसणं देईन. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंच बैठकीची खुर्ची. बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरका, पावलं गुडघ्यांच्या जरा मागं घ्या, हात छातीवर दुमडा, नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं पुढं झुका आणि उठा. बसताना चार आकडे. शेवटच्या वीतभर अंतरात बहुतेक माणसं स्वतःला खुर्चीत सोडून देतात, नेमकं तिथंच बाबांना 'हळू' म्हणायचं काम तुमचं. हात दुमडून जमत नसेल तर बैठकीवर कडक उशी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्यागणिक कमी करत या.

यातच एक मोजमापही आहे. ३० सेकंदांत, हात न टेकता, किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमले तर तो सरासरीच्या खाली, पडण्याचा धोका जास्त. (त्याच वयाच्या बाईंसाठी हा आकडा १० आहे. आईलाही बसवा खुर्चीत, निकाल देणं सोपं जाईल.) तुम्ही शेजारी उभे राहा. महिन्याला एकदा पुरे.

आणि बाबा उठताना श्वास धरून ठेवतात का ते बघा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. मोठ्यानं आकडे म्हणायला लावा. आकडे म्हणताना श्वास कोंडता येत नाही, माझ्या सगळ्या मोजण्यामागचं निम्मं कारण हेच आहे. ६५ च्या पुढं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी, की तोल आणि ताकद या दोन्हींचं काम आठवड्यातून किमान तीन दिवस व्हावं. तेव्हा रोज भांडायची गरज नाही, तीन दिवस पुरेत.

प्रश्न : रबराच्या पट्ट्यांचे रंग सगळीकडे सारखेच असतात का? माझी लाल पट्टी फार सैल वाटते.

उत्तर : नसतात. एका कंपनीची लाल दुसरीच्या हिरव्याइतकी कडक असू शकते. रंग विसरा, बाराव्या खेपेला दम लागतो का ते बघा. पट्टीला बारीक चीर दिसली की फेकून द्या. तुटून तोंडावर बसते.

प्रश्न : कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम करतो. कुल्ल्याच्या बाजूला जाणवायला हवं म्हणतात, मला जांघेच्या पुढंच जाणवतं. वय ३८, पळतो, गुडघ्याच्या बाहेरून दुखतं.

उत्तर : कुशीवर झोपलात, पण वरचा खुबा हळूच मागं कलंडतो आणि पाय पुढं येतो. मग उचलायचं काम पुढचे स्नायू घेतात. तुमची यात चूक नाही, शरीर नेहमी तयार कामगारालाच बोलावतं.

पाठ, कुल्ले आणि वरची टाच भिंतीला टेकतील असे कुशीवर झोपा. खालचा गुडघा वाकवा. वरचा पाय सरळ, पावलाची बोटं समोर, छताकडे नाही. किंचित जमिनीकडे वळलेली असली तर आणखी बरं. आता टाच भिंतीला घासत वर न्या, हातभर. पायमोजा घाला म्हणजे टाच सरकेल. टाच भिंतीपासून सुटली की चोरी झाली. पहिल्यांदा असं केलंत तर सहाव्या खेपेला कुल्ल्याच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या जरा मागं, जळजळ होईल. तीच जागा.

हा स्नायू पळणाऱ्यासाठी महत्त्वाचा का? एका पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू न देणं हे त्याचं काम, आणि पळताना तर प्रत्येक पाऊल एका पायावरच पडतं. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये याच झुकण्यावरून खुब्याची तपासणी कशी करावी ते मांडलं, ती आम्ही अजून तशीच करतो. आरशासमोर एका पायावर ३० सेकंद उभे राहा आणि कंबरपट्ट्याची रेषा बघा. उचललेल्या पायाकडे ती खाली उतरली तर पळण्याचं अंतर काही आठवडे कमी करा आणि भिंतीशी मैत्री वाढवा. जमायला लागलं की झोपून करायचं सोडा, दहा-पंधरा सेंटिमीटरच्या पायरीवर आडवं चढणं-उतरणं सुरू करा. पळणं झोपून होत नाही.

प्रश्न : तुमचे व्यायाम कमालीचे कंटाळवाणे असतात. चार दिवस करते, पाचव्या दिवशी सुटतात. खरं सांगा, तुम्ही स्वतः करता का? (वय ५२, घोटा मुरगळून दोन महिने झाले.)

उत्तर : खरं सांगते. तीन वर्षांपूर्वी घरातल्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, शेवटची पायरी झाली असं समजून, मी पाय टाकला आणि उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. निघालं तेव्हा पोटरी म्हणजे टोपणाविना पेन. दुसऱ्यांना आयुष्यभर सांगितलेले व्यायाम आता मला करायचे होते. भिंतीला हात लावून एका पायावर टाच उचलणं, २० वेळा. दुसऱ्याच आठवड्यात माझे २० व्हायला लागले आणि मी स्वतःवर खूश.

माझ्या हाताखाली काम करणारी मुलगी दोन दिवस गप्प बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर जात नाही आहात, पुढं जाताय." मी तिला झापलं. तिनं काही न बोलता बाजूनं फोनवर चित्रण केलं आणि दाखवलं. गुडघा वाकत होता, पोट भिंतीकडे सरकत होतं, तळहात भिंतीला ढकलत होते आणि टाच जेमतेम बोटभर निघत होती. हे सगळं मी रोज दहा जणांना सांगते. नियमानं केले तेव्हा चार झाले. पाचव्याला पाय थरथरला.

म्हणून तुम्हाला कंटाळ्यावर उपाय सांगण्याऐवजी एक काम सांगते. आठवड्यातून तीन दिवस करा, पाचव्या दिवशी सुटतात तर पाचवा दिवस ठेवूच नका. आणि आठवड्यातून एकदा फोन बाजूला, घोट्याच्या उंचीवर टेकवून स्वतःचं चित्रण बघा. भिंतीला फक्त दोन बोटांची टोकं लावा, आधारासाठी नव्हे, तोलासाठी. गुडघा सरळ. भार अंगठ्याच्या चवड्यावर, पाऊल बाहेर लवंडू देऊ नका, मुरगळलेला घोटा तिकडंच पळतो. वर जाताना दोन आकडे, खाली येताना तीन. एका पायावर जमत नसेल तर दोन पायांवर वर जा आणि दुखऱ्या एकट्यावर खाली या. त्याचबरोबर दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिनला हात पोचेल अशा बेतानं. मुरगळलेल्या घोट्यात तोलाचं भान गेलेलं असतं, ते नुसत्या ताकदीनं परत येत नाही आणि पाय पुन्हा तसाच मुरगळतो.

माझा डावा पाय आज २४ वर आहे आणि उजवा १९. विसावा मी मान उंचावून मारते, त्या मुलीच्या मते तो धरत नाहीत.